टाळेबंदीचा ताळेबंद

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी देशवासीयांना संबोधित केले आणि त्याच मध्यरात्रीपासून हा खंडप्राय देश २१ दिवसांसाठी घराच्या उंबरठ्याआड गेला. पुढे ही मुदत तीनदा वाढली आणि ३१ मे पर्यंत, म्हणजे एकूण ६८ दिवस, देशव्यापी टाळेबंदी चालू राहिली. केवळ एका आवाहनाने आणि एका आदेशाने एवढा मोठा समाज इतके दिवस थांबला, याला तोड सापडणे कठीण आहे. त्या घटनेला आता काही वर्षे लोटली. मुखपट्ट्या गेल्या, अंतर गेले, रस्ते पूर्ववत गजबजले. मात्र टाळेबंदीवरचा वाद ज्या मुक्कामावर तेव्हा होता, तेथून तो पाऊलभरही पुढे सरकलेला नाही.

एका बाजूला, टाळेबंदी हा निव्वळ लहरीपणा होता, तिने गरिबांना रस्त्यावर आणले आणि साध्य काहीच झाले नाही, असे म्हणणारे आहेत. दुसऱ्या बाजूला, टाळेबंदीने देश वाचवला, त्यामुळे तिच्याविषयी प्रश्न विचारणे म्हणजे कृतघ्नपणाच, असे मानणारे आहेत. दोन्ही बाजूंचा आवाज मोठा आहे आणि दोन्ही बाजूंना एका गोष्टीची मात्र गरज वाटत नाही. ती गोष्ट म्हणजे हिशेब. काय मिळवले, त्यासाठी काय मोजले, त्यातले किती टाळता आले असते आणि पुढच्या वेळी काय वेगळे करायचे, हा ताळेबंद राष्ट्र म्हणून आपण अद्याप मांडलेला नाही. ज्यांनी त्या काळात शासनाच्या शब्दावर विश्वास ठेवून शिस्त पाळली, त्यांनीच हा हिशेब सर्वांत आधी मागायला हवा.

प्रथम जमेची बाजू. कोणताही निर्णय तो घेताना उपलब्ध असलेल्या माहितीवरच तोलला पाहिजे. नंतर आलेल्या शहाणपणावर नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोरोनाला जागतिक महासाथ म्हटले. त्याच सुमारास इटलीतील लोंबार्डीसारख्या संपन्न प्रांतात रुग्णालये कोसळत होती. लस नव्हती, खात्रीचे औषध नव्हते. जानेवारीत या विषाणूची चाचणी करणारी प्रयोगशाळा देशात एकच होती, ती म्हणजे पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. डॉक्टर आणि परिचारिकांसाठी लागणारे पीपीई किट देशात जवळजवळ तयारच होत नव्हते. रुग्णांची नोंदलेली संख्या तेव्हा काही शेकड्यांत होती हे खरे. परंतु चाचण्याच तुटपुंज्या असताना त्या संख्येवर विसंबून राहणे म्हणजे दिवा विझवून अंधार मोजण्यासारखे होते. अशा वेळी राज्यकर्त्यापुढे चांगला आणि वाईट असे पर्याय नसतात. वाईट आणि अधिक वाईट असेच असतात.

टाळेबंदीने वेळ मिळवून दिला आणि त्या वेळेचा काही अंशी सदुपयोगही झाला, हे नोंदवणे न्यायाचे ठरेल. मे महिन्याच्या मध्यापर्यंत पीपीई किटचे देशांतर्गत उत्पादन दररोज दोन लाखांवर गेले. मेअखेर चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळा सहाशेहून अधिक झाल्या आणि दिवसाला लाखभर चाचण्या होऊ लागल्या. देशी बनावटीच्या पहिल्या आरटी-पीसीआर चाचणी संचाला मान्यता मिळाली तो पुण्याच्या मायलॅब कंपनीचा होता. टाळेबंदीमुळे १४ ते २९ लाख लोक बाधित होण्यापासून आणि ३७ ते ७८ हजार लोक मृत्यूपासून वाचले, असा अंदाज शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत मांडला. हे आकडे गणिती प्रारूपांतून आलेले आहेत, त्यामुळे त्यांना मोजदाद म्हणता येणार नाही. तरीही पहिला आघात लांबवला गेला आणि आरोग्ययंत्रणेला श्वास घ्यायला उसंत मिळाली, हे टीकाकारांनाही नाकारता येणार नाही.

त्या टीकाकारांच्या भूमिकेतील विसंगतीही नजरेआड करता येत नाही. मार्चमध्ये टाळेबंदी उशिरा झाली म्हणणारेच एप्रिलमध्ये ती घाईची होती म्हणू लागले. निर्बंध जाचक आहेत म्हणून ज्यांनी आक्रोश केला, त्यांतील अनेकांनी जूनमध्ये निर्बंध उठू लागताच शासनाने जनतेला वाऱ्यावर सोडले असा गिल्ला केला. आधी निष्कर्ष ठरवायचा आणि मग त्याला साजेशी कारणे शोधायची, ही सवय आपल्याकडील वैचारिक वर्तुळांत जुनी आहे. तथापि प्रतिपक्षाची विसंगती दाखवून दिली म्हणजे आपल्यापुढचा प्रश्न सुटत नाही. निर्णय आवश्यक होता हे मान्य केले, तरी त्याची अंमलबजावणी तितक्याच विचाराने झाली का, हा स्वतंत्र प्रश्न शिल्लक उरतो. या दोन प्रश्नांची गल्लत हेच या वादाचे मूळ दुखणे आहे.

घोषणा आणि अंमल यांत अवघे चार तास होते. रेल्वेच्या प्रवासी गाड्या त्याआधी दोन दिवस, २२ मार्चपासूनच थांबल्या होत्या. मुंबई, पुणे, सुरत, दिल्ली अशा शहरांत रोजंदारीवर जगणारा, आठ-दहा जणांत एक खोली वाटून घेणारा, शिधापत्रिका गावाकडे आणि पोट शहरात असलेला मजूर एका रात्रीत कामाला, कमाईला आणि परतीच्या वाटेलाही मुकला. शासनाने हात बांधून ठेवले होते असे नाही. २६ मार्चला १ लाख ७० हजार कोटी रुपयांचे गरीब कल्याण पॅकेज जाहीर झाले. सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा माणशी पाच किलो मोफत धान्य आणि २० कोटी महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने पाचशे रुपये देण्याची तरतूद त्यात होती. जनधन खाती आधी उघडलेली नसती, तर हा पैसा इतक्या त्वरेने पोहोचलाच नसता, याचे श्रेय द्यावेच लागेल. परंतु धान्य पोहोचत होते ते शिधापत्रिकेच्या पत्त्यावर आणि माणूस होता शेकडो कोस दूर. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही योजना तेव्हा काही राज्यांपुरतीच चालू झाली होती. ज्याला सर्वाधिक गरज होती, नेमका तोच यादीच्या बाहेर राहिला.

पूर्वसूचना दिली असती तर काय झाले असते? स्थानकांवर झुंबड उडाली असती आणि विषाणू गावोगाव पोहोचला असता, हे अचानक घोषणेचे समर्थन बिनबुडाचे नाही. टाळेबंदीपूर्वीच्या दोन-तीन दिवसांत मुंबई-पुण्याच्या स्थानकांवर जी गर्दी लोटली होती, ती पाहता ती भीती खरीच होती. परंतु दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. मजुरांना थांबवून धरले गेले ते एप्रिलभर, दाटीवाटीच्या वस्त्यांत. आणि अखेर ते निघाले ते मे महिन्यात, शहरांत साथ पसरल्यानंतर. म्हणजे हालही झाले आणि गर्दीही चुकली नाही. पर्याय दोनच होते. त्यांना आधीच शिस्तीत घरी पोहोचवणे किंवा ते जेथे आहेत तेथे त्यांच्या पोटाची आणि निवाऱ्याची पक्की हमी देणे. नोकरदारांचे पूर्ण वेतन द्या, घरमालकांनी महिनाभर भाडे मागू नये, असा आदेश केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्चला काढला खरा. पण कंत्राटदाराचा मुकादम फोन बंद करून निघून गेला असता हा आदेश कोणाला दाखवायचा? हमी कागदावर होती आणि भूक पोटात होती. १४ एप्रिलला मुदतवाढ जाहीर झाली त्या दिवशी वांद्रे स्थानकाबाहेर जमलेल्या हजारोंच्या गर्दीमागे अफवा आणि चिथावणी किती होती याची चर्चा झाली. अफवेला एवढे ऐकणारे मिळाले, कारण विश्वास ठेवावा असा दुसरा शब्द त्या लोकांपर्यंत पोहोचलाच नव्हता.

मग रस्ते भरले. मुंबई-नाशिक महामार्गावर, कसारा घाटात, डोक्यावर बोचकी आणि कडेवर लेकरे घेतलेल्या माणसांच्या रांगा लागल्या. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून चालत निघालेले आणि थकून करमाडजवळ रुळांवरच निजलेले मध्य प्रदेशातील १६ मजूर मालगाडीखाली सापडून मृत्युमुखी पडले. जालन्याच्या पोलाद उद्योगात राबणारे हे हात होते. गाड्या बंद आहेत या समजुतीने ते रुळांवर विसावले होते असे तेव्हा सांगितले गेले. त्या रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र ज्यांनी पाहिले, त्यांच्यापैकी कोणीही, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, ते विसरू शकलेला नाही.

श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या त्या १ मे पासून, म्हणजे टाळेबंदीच्या अडतिसाव्या दिवशी. पुढे चार हजार सहाशेहून अधिक गाड्यांतून ६३ लाखांवर लोकांना गावी पोहोचवण्यात आले. रेल्वेने केलेले हे काम खचितच प्रचंड होते. मात्र भाडे कोणी द्यायचे, याद्या कोणी द्यायच्या, गाड्या किती द्यायच्या यावरून केंद्र आणि राज्ये एकमेकांवर दोषारोप करीत राहिली. रेल्वेमंत्री पीयूष गोयल आणि तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्यात मे महिन्यात समाजमाध्यमांवर झडलेली खडाजंगी महाराष्ट्राने पाहिली. फलाटाबाहेर उन्हात बसलेल्या कुटुंबाला त्या वादात कोण जिंकले याच्याशी कर्तव्य नव्हते.

या साऱ्याची सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद त्यानंतरची आहे. १४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय श्रम मंत्रालयाने संसदेला सांगितले, की १ कोटी ४ लाखांहून अधिक मजूर आपापल्या गावी परतले. मात्र वाटेत किती मजुरांचा मृत्यू झाला याची नोंद उपलब्ध नाही. आंतरराज्य स्थलांतरित मजुरांची नोंद ठेवण्यासाठी या देशात १९७९ चा कायदा होता. त्याखाली ठेकेदारांनी परवाने घ्यावयाचे, याद्या ठेवायच्या, अधिकाऱ्यांनी त्या तपासायच्या. चार दशकांत केंद्रात आणि राज्यांत सर्व पक्षांची सरकारे आली आणि गेली. त्या याद्या कधीच नीट झाल्या नाहीत. म्हणून हा दोष एका सरकारच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु आपल्या घरांच्या भिंती उभारणारा माणूस शासनाच्या कोणत्याच वहीत नाही, हे वास्तव टाळेबंदीने उघडे पाडले आणि ते सर्वांनाच खाली मान घालायला लावणारे आहे.

शासन जेथे पोहोचले नाही तेथे समाज उभा राहिला, हीही त्याच दिवसांची नोंद आहे. संघाचे स्वयंसेवक, गुरुद्वारांची लंगरे, देवस्थानांची अन्नछत्रे, गावोगावच्या तरुण मंडळांचे कार्यकर्ते, गृहनिर्माण संस्थांतील गृहिणी यांनी महामार्गांवर आणि वस्त्यांत जी अन्नाची साखळी धरून ठेवली, ती कोणत्याही आदेशाने उभी राहिलेली नव्हती. हातावर मोजता येईल इतक्या दिवसांत ती उभी राहिली, कारण ती माणसे त्या वस्त्यांना आधीपासून ओळखत होती.

धारावीचा अनुभव हेच सांगतो. सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ-दहा लाख लोक, सामायिक शौचालये आणि दहा बाय दहाच्या खोल्या. १ एप्रिल २०२० ला तेथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा अनर्थाचे भाकीत सर्वांनीच केले होते. ‘घरात बसा’ हा उपदेश जेथे घरच पुरेसे नाही तेथे लागू पडत नाही, हे मुंबई महानगरपालिकेच्या जी-उत्तर विभागाने लवकर ओळखले. रुग्ण येण्याची वाट न पाहता यंत्रणा दारोदार गेली. खासगी डॉक्टर सोबतीला आले, स्वयंसेवक तपासणीत उतरले, शाळा आणि सभागृहे विलगीकरणासाठी घेतली गेली, तेथे जेवणाची सोय झाली. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख जगापुढे उदाहरण म्हणून केला. धारावीत साथ आटोक्यात आली ती माहिती, विश्वास आणि जेवण या तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे. निर्णय दिल्लीत किंवा मुंबईत होऊ शकतो. तो यशस्वी होतो की नाही, हे मात्र प्रभागात ठरते.

महाराष्ट्राच्या वाट्याला आणखी काही नोंदी येतात. २०२० च्या आषाढीला पंढरीची वारी पायी निघाली नाही. शतकांची परंपरा असलेल्या वारकऱ्याने पादुका एस.टी.च्या बसने जाऊ दिल्या आणि आपण घरीच एकादशी केली. श्रद्धा आणि शिस्त यांत विरोध नसतो, हे त्याने कोणताही गाजावाजा न करता दाखवून दिले. त्या संयमाची बूज राज्यकर्त्यांनी ठेवली का? ऑक्टोबर २०२० मध्ये उपाहारगृहे आणि मद्यालये उघडली. मंदिरांची दारे उघडायला नोव्हेंबरचा दिवाळी पाडवा उजाडावा लागला. गर्दीची चिंता खरी असेलही, परंतु एका दाराला एक न्याय आणि दुसऱ्या दाराला दुसरा का, याचे समाधानकारक उत्तर लोकांना मिळाले नाही. निर्बंध कठोर असले तरी लोक सोसतात. निर्बंध विसंगत वाटले, की मात्र ते पाळण्याची इच्छा मरते.

याहूनही खोल जखम शाळांची आहे आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले गेले. बाजार उघडले, लग्ने झाली, निवडणुका झाल्या. पहिली ते चौथीचे वर्ग मात्र महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पर्यंत बहुतांशी बंदच राहिले आणि जानेवारीत पुन्हा काही काळ बंद झाले. ज्या घरात स्मार्टफोन आणि शिकलेले पालक होते, त्या घरातील मूल तगले. ज्या घरात दोन्ही नव्हते, तेथील मूल अक्षरे विसरले. ‘असर’ या देशव्यापी पाहणीनुसार, दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर आले. अर्थव्यवस्थेला बसलेला फटका मोठा होता. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत राष्ट्रीय उत्पन्न पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी आकसले होते. पण कारखाना पुन्हा चालू होतो आणि तूट भरून निघते. मुलाचे हरवलेले वर्ष ज्याचे त्यालाच आयुष्यभर फेडावे लागते.

हे सर्व कोणत्या कायद्याच्या आधारे चालले होते, हेही महाराष्ट्राने विसरू नये. एक आधार होता २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा, जो लिहिताना दीर्घकाळ चालणारी साथ डोळ्यांपुढे नव्हती. दुसरा होता १८९७ चा साथरोग कायदा. मुंबईत आलेल्या प्लेगसाठी परकीय सरकारने तो घाईघाईने केला. पुण्यात त्याच वर्षी रँडशाही अवतरली. गोऱ्या सोजिरांनी घरे धुंडाळली, देवघरांत बूट घातले, सामान जाळले, माणसे ओढून नेली. लोकमान्यांनी ‘केसरी’तून त्यावर कोरडे ओढले, परंतु तेवढ्यावर न थांबता पुण्यात राहून रुग्णांसाठी इस्पितळही उभारले. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताच निवर्तल्या. २२ जून १८९७ रोजी चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. प्लेग आवश्यक तेवढ्या कठोरपणे हाताळू नये, असे लोकमान्यांचे म्हणणे कधीच नव्हते. ज्याच्या भल्यासाठी उपाय करायचा, त्याला विश्वासात घ्या आणि त्याची अप्रतिष्ठा करू नका, एवढेच त्यांचे मागणे होते.

स्वतंत्र भारतातील पोलीस हा परका सोजीर नव्हता. महाराष्ट्र पोलीस दलातील शेकडो कर्मचाऱ्यांनी या साथीत प्राण गमावले, त्यामुळे दोन काळांची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. मात्र कायदा तोच होता आणि त्याची प्रकृतीही तीच होती. मूळच्या चार कलमांत सरकारला अधिकार आहेत, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आहे आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण आहे. ज्याला कोंडले त्याच्या जेवणाची जबाबदारी कोणाची, ज्याची कमाई थांबवली त्याला भरपाई कोणती, निर्बंध कधी आणि कोणत्या कसोटीवर उठवायचे, याविषयी तो कायदा चकार शब्द काढत नाही. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांना कठोर शिक्षा देण्याची. ती योग्यच होती, पण अपुरी होती. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधील २८६ व्या अहवालात या कायद्यातील उणिवांवर बोट ठेवले आणि व्यापक सुधारणा किंवा नवा कायदा सुचवला. नीती आयोगाच्या तज्ज्ञगटानेही सप्टेंबर २०२४ मध्ये सार्वजनिक आरोग्य आणीबाणीसाठी स्वतंत्र कायद्याची शिफारस केली. शिफारशी ग्रंथालयात ठेवण्यासाठी नसतात. पुढची साथ अहवालाचे पान उलटण्याची वाट पाहत थांबणार नाही.

इतर देशांनी काय केले? स्वीडनने सौम्य मार्ग पत्करला होता. त्याच्या आयोगाने २०२२ मध्ये अंतिम अहवालात त्या मार्गाचा गाभा योग्य ठरवला आणि सुरुवातीची पावले अधिक लवकर व अधिक कठोर हवी होती असेही स्पष्ट सांगितले. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये स्वतंत्र चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये बॅरोनेस हॅलेट यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने माजी पंतप्रधानांनाही साक्षीला बसवले आणि नोव्हेंबर २०२५ च्या अहवालात शासनाच्या दिरंगाईवर कडक शब्दांत ठपका ठेवला. त्यामुळे त्या राष्ट्रांची मान खाली गेली नाही. आपल्याकडे गृह खात्याच्या संसदीय स्थायी समितीने डिसेंबर २०२० मध्ये साथीच्या हाताळणीवर अहवाल दिला, स्थलांतरित मजुरांची राष्ट्रीय नोंद असावी असे सुचवले. पण तो साथीच्या ऐन मध्यावर लिहिलेला होता. दुसरी लाट यायचीच होती. सर्व काही पार पडल्यावर, शांत डोक्याने केलेला समग्र अभ्यास हा वेगळा असतो.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. असा हिशेब मांडला, तर देशाच्या विरोधकांना आणि परदेशी माध्यमांना आयते कोलीत मिळेल, असे म्हटले जाते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात दोन वर्षांत सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. भारत सरकारने त्या पद्धतीला हरकत घेतली आणि गणिती प्रारूपांऐवजी प्रत्यक्ष नोंदी ग्राह्य धराव्यात असा आग्रह धरला. आग्रह रास्त होता. परंतु २०२१ या सर्वाधिक हानीच्या वर्षाच्या नागरी नोंदणीचा अहवाल प्रसिद्ध व्हायला मे २०२५ उजाडला. त्यानुसार २०२० मध्ये ८१ लाखांच्या आसपास मृत्यू नोंदले गेले होते, तर २०२१ मध्ये ते १ कोटी २ लाखांवर गेले. ही सगळी वाढ कोरोनाची नाही, नोंदणीही सुधारलेली आहे, हे खरे. पण कोरोनाने झालेले एकूण अधिकृत मृत्यू सुमारे ५ लाख ३३ हजार असताना एका वर्षात २१ लाखांची वाढ का दिसते, याचे उत्तर आपल्या संस्थांनीच, आपल्या आकड्यांनी, वेळेवर द्यायला हवे होते. आपण आपला हिशेब लिहिला नाही, की तो दुसरे लिहितात. आणि मग त्यातली चूक दाखवण्यासाठीही आपल्या हाती कागद नसतो. स्वाभिमानी राष्ट्राला हे शोभत नाही.

म्हणून अशा समग्र अभ्यासाची मागणी राष्ट्रहिताचीच आहे. तो न्यायाधीश, साथरोगतज्ज्ञ, अर्थशास्त्रज्ञ आणि प्रत्यक्ष जिल्हा व प्रभाग सांभाळलेले अधिकारी यांच्याकडे सोपवावा. कोणाला सुळावर चढवणे हा त्याचा हेतू नसावा. त्याने केंद्र आणि राज्ये दोघांनाही सारखेच प्रश्न विचारावेत. पूर्वसूचना किती तासांची असावी आणि त्या काळात कोणी काय करायचे? परगावच्या मजुराची हमी कोणाच्या तिजोरीतून आणि कोणत्या यादीने? शाळा बंद करण्याची आणि उघडण्याची कसोटी कोणती? निर्बंध मोडल्याबद्दल एकट्या महाराष्ट्रात लाखाहून अधिक गुन्हे दाखल झाले. सामान्य माणसाला आरोपी न करता शिस्त कशी लावायची? आणि धारावीत जे प्रभागाने केले, ते प्रत्येक नगरपालिकेला करता यावे यासाठी तिच्या हाती माणसे आणि पैसा कसा द्यायचा?

चूक सुधारण्याची क्षमता आपल्यात नाही असे मुळीच नाही. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजना जून २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम संकेतस्थळावर ३० कोटींहून अधिक नोंदी झाल्या आहेत. जो मजूर कोणत्याच वहीत नव्हता, तो आता एका वहीत आला. यातील बराचसा रेटा मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२१ च्या निकालाचा होता. न्यायालयाने सांगितल्यावर जे सुचते, ते आधी स्वतःहून सुचावे, यासाठीच हिशेब लिहायचा असतो.

टाळेबंदीच्या प्रारंभी पंतप्रधानांनी ‘जान है तो जहान है’ ही म्हण उद्धृत केली होती आणि ११ एप्रिलला मुख्यमंत्र्यांशी बोलताना ती ‘जान भी, जहान भी’ अशी बदलली होती. अवघ्या अडीच आठवड्यांत नेतृत्वाने परिस्थितीनुसार आपली भूमिका विस्तारली, हे शहाणपणाचेच लक्षण होते. जे नेतृत्वाला साधले ते त्याच्या समर्थकांनाही साधायला हवे. निर्णयाच्या पाठीशी उभे राहणे आणि त्याच्या परिणामांचा जाब विचारणे ही एकाच निष्ठेची दोन कामे आहेत. करमाडच्या रुळांवर झोपी गेलेल्या त्या १६ जणांनीही २१ दिवसांच्या आवाहनाला मान देऊन एप्रिल काढला होता. त्यांच्या वाट्याला आलेला मे पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये, एवढी तजवीज केली तरच या ताळेबंदातील जमेची बाजू खरी ठरेल.